विश्लेषण : गायक गेल्यानंतर त्याचा अल्बम बदलावा का? जॉर्ज हॅरिसनच्या एकल कारकीर्दीची आणि पुनर्प्रकाशनाची गोष्ट

बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन २९ नोव्हेंबर २००१ रोजी गेला. त्यानंतरही त्याचे अल्बम नव्याने येतच राहिले. २००४, २०१४, २०२१ आणि २०२४ मध्ये त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रिका साफसूफ करून, नव्या गाण्यांची भर घालून, काही वेळा तर आवाजाचा पोतच बदलून बाजारात आल्या. यातील सर्वाधिक चर्चा झाली ती १९७०च्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ या अल्बमची. जुनाच माल नव्या वेष्टनात विकण्याचा हा प्रकार आहे की त्यामागे आणखी काही आहे, हे समजून घेण्यासाठी हॅरिसनची एकल कारकीर्द पाहावी लागते. तिच्या सुरुवातीचा मुंबईशी संबंध आहे, हे विशेष.

बीटल्समध्ये हॅरिसन मागे का राहिला?

हॅरिसनचा जन्म २५ फेब्रुवारी १९४३ रोजी लिव्हरपूलमध्ये झाला. वडील हॅरॉल्ड बसवाहक होते. शाळेत त्याच्यापेक्षा थोडा मोठा असलेल्या पॉल मॅकार्टनीशी ओळख झाली आणि त्याच्यामुळे १९५८ मध्ये तो जॉन लेननच्या ‘क्वारीमेन’ या बँडमध्ये आला. तेव्हा तो जेमतेम १५ वर्षांचा होता. हाच बँड पुढे बीटल्स झाला. गटात वयाने सर्वांत लहान असल्याचा शिक्का मात्र त्याच्यावर कायम राहिला.

लेनन आणि मॅकार्टनी ही जोडी भराभर गाणी लिहीत होती. हॅरिसनचे पहिले गाणे १९६३ मध्ये दुसऱ्या अल्बमवर आले, पण त्यानंतर त्याच्या वाट्याला प्रत्येक अल्बममध्ये साधारण एक-दोन गाणीच येत. १९६८च्या ‘व्हाइट अल्बम’वर ३० गाणी होती, त्यातील त्याची फक्त चार. त्याच्याकडची गाणी मात्र वाढतच होती. जानेवारी १९६९ मध्ये बीटल्सच्या सरावात त्याने ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हे गाणे पुढे केले. चौघांनी ते अनेकदा वाजवून पाहिले आणि बाजूला ठेवले. त्याच महिन्यात तो काही दिवसांसाठी गट सोडूनही गेला होता. त्याच वर्षीच्या ‘अ‍ॅबी रोड’वर ‘समथिंग’ आणि ‘हिअर कम्स द सन’ ही त्याची दोन गाणी आली आणि तो इतर दोघांच्या तोडीचा गीतकार असल्याचे जगाला कळले. तोवर गट फुटायच्या बेतात होता.

पहिल्या एकल अल्बमचा मुंबईशी संबंध काय?

१९६५ पासून हॅरिसन सतारीकडे ओढला गेला. १९६६ मध्ये लंडनमध्ये पं. रविशंकर यांची भेट झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो पत्नी पॅटी बॉइडसह मुंबईत शिकायला आला. ताजमहाल हॉटेलात खोटे नाव सांगून उतरला, पण बातमी फुटली आणि बाहेर चाहत्यांची गर्दी झाली. अखेर गुरू-शिष्य काश्मीरला गेले.

जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा मुंबईत आला, तो कामासाठी. जो मॅसॉट या दिग्दर्शकाच्या ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे संगीत त्याच्याकडे होते. फोर्ट भागातील एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने भारतीय वादकांना बोलावून ध्वनिमुद्रण केले. अल्बमच्या श्रेयनामावलीत संतूरवादक शिवकुमार शर्मा, बासरीवादक एस. आर. केंकरे, तारशहनाईवादक विनायक व्होरा अशी नावे आहेत. याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याचे वाद्यसंगीतही मुद्रित झाले. त्यात पं. हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आहे. बीटल्सच्या एकेरी तबकडीवर आलेले हॅरिसनचे हे पहिले गाणे.

‘वंडरवॉल म्युझिक’ नोव्हेंबर १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. बीटल्सपैकी एकाचा हा पहिला एकल अल्बम आणि त्यांच्या ‘अ‍ॅपल’ कंपनीची पहिली एलपी. बँडमधील कोटा पद्धतीतून बाहेर पडून हॅरिसनने स्वतःच्या मनाने केलेले हे पहिले काम होते. तेव्हा त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. २०१४च्या पुनर्प्रकाशनात त्याला शंकरा रागाशी नाते सांगणारी एक अप्रकाशित रचना आणि ‘द इनर लाइट’ची दुसरी, केवळ वाद्यसंगीताची आवृत्ती जोडली गेली. मुंबईच्या त्या दिवसांतील आणखी काही मिनिटे त्यामुळे ऐकायला मिळाली.

‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ महत्त्वाचा का?

एप्रिल १९७० मध्ये बीटल्सची फाटाफूट जाहीर झाली. पुढच्याच महिन्यात हॅरिसन लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत गेला. सुरुवातीच्या दोन दिवसांत त्याने ३० गाण्यांचे कच्चे मुद्रण केले. पहिल्या दिवशी ड्रमवर रिंगो स्टार आणि बेस गिटारवर क्लाउस फोरमन होते. दुसऱ्या दिवशी तो एकटाच गिटार घेऊन निर्माता फिल स्पेक्टरला गाणी ऐकवत बसला. वर्षानुवर्षे साठलेले धरणाचे पाणी दरवाजे उघडताच धावावे, तसा हा प्रकार होता.

स्पेक्टर ‘वॉल ऑफ साउंड’ या पद्धतीसाठी प्रसिद्ध होता. एकच साथ अनेक वाद्यांवर एकाच वेळी वाजवायची, ती प्रतिध्वनीत बुडवायची आणि आवाजाची जणू भिंत उभी करायची, ही ती पद्धत. हॅरिसनच्या ध्वनिमुद्रणात त्यासाठी वादकांची फौज होती. एरिक क्लॅप्टन, बिली प्रेस्टन, गॅरी राइट, बॅडफिंगर या बँडचे सदस्य, पेडल स्टील गिटार वाजवणारा पीट ड्रेक असे अनेक जण त्यात होते. काम सुरू असतानाच जुलै १९७० मध्ये हॅरिसनची आई लुईस यांचे निधन झाले. स्पेक्टरही मधूनच निघून गेला. उरलेल्या कामाचा मोठा भार हॅरिसननेच वाहिला.

नोव्हेंबर १९७० मध्ये तीन एलपींचा हा संच बाजारात आला. मुखपृष्ठावर हॅरिसन त्याच्या ‘फ्रायर पार्क’ या नव्या वाड्याच्या हिरवळीवर, बागेतल्या बुटक्यांच्या चार मूर्तींमध्ये बसलेला दिसतो. अमेरिकेत अल्बम सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. ब्रिटनमध्ये मात्र १९७१च्या सुरुवातीला टपाल संपामुळे विक्रीची आकडेवारीच गोळा झाली नाही आणि अल्बमचे अव्वल स्थान नोंदले गेले नाही. ही चूक २००६ मध्ये, हॅरिसनच्या मृत्यूनंतर, दुरुस्त करण्यात आली.

‘माय स्वीट लॉर्ड’चा खटला काय होता?

याच अल्बममधील ‘माय स्वीट लॉर्ड’ हे गाणे ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेले. बीटल्सपैकी कोणाच्याही एकल गाण्याला तोवर हे जमले नव्हते. ख्रिस्ती जयघोष, कृष्णनाम आणि आपल्याकडे घरोघरी म्हटला जाणारा गुरुस्तुतीचा श्लोक, हे सर्व त्यात एकत्र येते.

फेब्रुवारी १९७१ मध्ये ‘ब्राइट ट्यून्स’ या कंपनीने दावा दाखल केला. हे गाणे ‘द शिफॉन्स’ या गटाच्या १९६३च्या ‘ही इज सो फाइन’ या गाण्याची नक्कल असल्याचा आरोप होता. १९७६ मध्ये न्यायाधीश रिचर्ड ओवेन यांनी निकाल दिला की हॅरिसनने जाणूनबुजून चोरी केलेली नाही, पण पूर्वी ऐकलेली चाल नकळत त्याच्या गाण्यात उतरली आहे. नकळत झालेले उल्लंघनही उल्लंघनच, असा त्याचा अर्थ होता. संगीताच्या कायद्यात आजही या निकालाचा दाखला दिला जातो.

खरा धक्का पुढे होता. दावा दाखल झाला तेव्हा हॅरिसनचा व्यवस्थापक असलेल्या अ‍ॅलन क्लाइनने नंतर ब्राइट ट्यून्सकडून हक्कच विकत घेतले. म्हणजे ज्याने हॅरिसनच्या बाजूने उभे राहायचे, तोच वादी झाला. नुकसानभरपाईची रक्कम सुमारे १६ लाख डॉलर इतकी काढण्यात आली होती. मात्र क्लाइनला या व्यवहारातून नफा मिळू नये, अशी भूमिका न्यायालयाने १९८१ मध्ये घेतली. क्लाइनने हक्कांसाठी मोजलेल्या ५ लाख ८७ हजार डॉलरच्या मोबदल्यात ते हॅरिसनला मिळावेत, असे ठरले. तरीही उरलेली न्यायालयीन भांडणे १९९० च्या दशकापर्यंत रेंगाळली.

त्यानंतरची कारकीर्द कशी राहिली?

१ ऑगस्ट १९७१ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हॅरिसनने बांगलादेशातील निर्वासितांसाठी दोन कार्यक्रम केले. कल्पना पं. रविशंकर यांची. त्यांच्यासह उस्ताद अली अकबर खाँ आणि उस्ताद अल्लारखा यांनी कार्यक्रमाची सुरुवात केली. तिकीट विक्रीतून जमलेले सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला गेले, पण अल्बमच्या विक्रीचा पैसा कराच्या वादात वर्षानुवर्षे अडकला. १९७३च्या ‘लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड’च्या वेळी हॅरिसनने यातून धडा घेतलेला दिसतो. त्यातील बहुतांश गाण्यांचे हक्क त्याने स्वतःच्या धर्मादाय संस्थेच्या नावे केले. या अल्बममध्ये तबला वाजवला आहे तो तरुण झाकीर हुसेन यांनी.

१९७४ मध्ये मात्र घसरण सुरू झाली. उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यात त्याचा घसा बसलेला होता आणि समीक्षकांनी त्याला झोडपले. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने स्वतःच्या ‘डार्क हॉर्स’ या लेबलवर अल्बम काढले. ‘मॉन्टी पायथन’ या विनोदी चमूच्या चित्रपटाला कोणी पैसे देईना, तेव्हा घर गहाण ठेवून त्याने निर्मिती संस्था उभी केली. १९८१च्या ‘समव्हेअर इन इंग्लंड’चा पहिला खर्डा वॉर्नर कंपनीने परत पाठवला. चार गाणी बदलावी लागली, मुखपृष्ठही बदलले. १९८२ नंतर पाच वर्षे त्याने अल्बमच काढला नाही. १९८७ मध्ये जेफ लिनसोबत केलेल्या ‘क्लाउड नाइन’ने तो पुन्हा वर आला आणि जानेवारी १९८८ मध्ये त्याचे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. १९९७ मध्ये पं. रविशंकर यांच्यासोबत त्याने ‘चँट्स ऑफ इंडिया’ हा मंत्रांचा अल्बम केला. त्याच वर्षी त्याला घशाच्या कर्करोगाचे निदान झाले.

हॅरिसनने स्वतः अल्बम पुन्हा का काढला?

३० डिसेंबर १९९९ रोजी फ्रायर पार्कमध्ये घुसलेल्या एका व्यक्तीने हॅरिसनवर सुरीने हल्ला केला. त्यातून तो वाचला. त्यानंतरच्या वर्षात त्याने ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’च्या तिशीनिमित्त पुनर्प्रकाशनाचे काम हाती घेतले आणि जानेवारी २००१ मध्ये तो संच आला.

सोबतच्या टिपणात त्याने आपली नाराजी लपवली नाही. इतक्या वर्षांनी ऐकताना काही गाण्यांवर निर्मितीचा बोजा आणि प्रतिध्वनी जास्त झाल्याचे त्याला वाटत होते. तरीही त्याने मूळ मिश्रण मोडले नाही. त्याऐवजी जुन्या फितींवरील काही साधी मुद्रणे जोडली आणि ‘माय स्वीट लॉर्ड’ नव्याने गाऊन शेवटी ठेवले. कृष्णधवल मुखपृष्ठ रंगीत केले आणि आतल्या चित्रांत त्या हिरवळीभोवती हळूहळू इमारती आणि उड्डाणपूल उगवताना दाखवले. संच आला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिस येथे, वयाच्या ५८व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

अर्धवट राहिलेला ‘ब्रेनवॉश्ड’ हा अल्बम मुलगा धनी आणि जेफ लिन यांनी हॅरिसनच्या सूचनांच्या आधारे पूर्ण केला. तो नोव्हेंबर २००२ मध्ये आला. त्याचा शेवट बापलेकांनी म्हटलेल्या पार्वतीनामाच्या जपाने होतो. वडिलांच्या मागे त्यांच्या संगीताबाबत निर्णय घेण्याची धनीची ही पहिली वेळ होती.

रीमास्टर आणि रीमिक्स यांत फरक काय?

पुनर्प्रकाशनाच्या जाहिरातीत हे दोन शब्द सर्रास येतात, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे. गाणे मुद्रित होताना ड्रम, गिटार, गायन हे फितीच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर, म्हणजे ट्रॅकवर साठवले जाते. मग प्रत्येकाचा आवाज किती ठेवायचा हे ठरवून सर्व एकत्र केले जाते. हे झाले मिश्रण किंवा मिक्स.

रीमास्टर करताना या तयार मिश्रणाला हात लावत नाहीत. फक्त फितीची खरखर कमी करणे, एकूण आवाज वाढवणे, जाड-बारीक सूर थोडे उजळवणे इतकेच होते. आमटी तयार झाल्यावर वरून मीठ-लिंबू पिळण्यासारखे हे आहे. रीमिक्स म्हणजे पुन्हा कच्च्या सामानापर्यंत जाऊन प्रमाण नव्याने ठरवणे. गायन पुढे आणता येते, ड्रम मागे नेता येतात, वाद्यांच्या जागा बदलता येतात. अर्थात, मुद्रणाच्या वेळीच जो प्रतिध्वनी गिटारसोबत एकाच ट्रॅकवर उमटला असेल, तो नंतर पूर्णपणे काढणे अवघड असते. लोणच्यात मुरलेली फोड कितीही धुतली तरी पुन्हा ताजी कैरी होत नाही.

२०२१च्या आवृत्तीवरून प्रश्न का उभे राहिले?

अल्बमच्या पन्नाशीनिमित्त धनी आणि ध्वनी अभियंता पॉल हिक्स यांनी संपूर्ण अल्बमचे रीमिक्स केले. ऑगस्ट २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. हॅरिसनचा आवाज स्पष्टपणे पुढे आला, ड्रम आणि बेस ठळक झाले, भिंत थोडी पातळ झाली. मोठ्या संचात एकूण ७० मुद्रणे होती. त्यातील ४७ कच्ची मुद्रणे आणि अल्बमसाठी न निवडलेल्या आवृत्त्या होत्या, आणि त्यांपैकी ४२ कधीच प्रसिद्ध झालेली नव्हती. बागेतल्या बुटक्यांच्या प्रतिकृतींसह लाकडी पेटीतील विशेष संच सुमारे हजार डॉलरना विकला गेला. आवृत्तीच्या मांडणीला २०२२ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

हा अल्बम घडवणारे दोघेही तेव्हा हयात नव्हते. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगत असलेला स्पेक्टर त्याच वर्षी जानेवारीत मरण पावला होता. रीमिक्सच्या बाजूने मुख्य आधार हॅरिसनच्याच मताचा दिला जातो. त्याला प्रतिध्वनी नकोसा वाटत होता, मुलाने ती इच्छा पूर्ण केली, असा हा युक्तिवाद आहे.

मात्र १९७०ची कागदपत्रे गोष्ट थोडी गुंतागुंतीची करतात. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सुरुवातीची मिश्रणे ऐकून स्पेक्टरने हॅरिसनला सविस्तर पत्र पाठवले होते. त्यात काही गाण्यांमध्ये गायकाचा आवाज फारच दबला असल्याचे त्याने कळवले होते. म्हणजे आवाज मागे ठेवण्याचा दोष पूर्णपणे स्पेक्टरच्या माथी मारता येत नाही. २७ वर्षांच्या हॅरिसनने निदान काही ठिकाणी तो निर्णय स्वतः घेतला किंवा मान्य केला होता. लेनन आणि मॅकार्टनी यांच्या सावलीत दहा-बारा वर्षे काढलेल्या गायकाला स्वतःचा आवाज गर्दीत थोडा लपवावासा वाटला असेल, तर तीही त्या अल्बमची खरी गोष्ट आहे. ५७ वर्षांच्या हॅरिसनचे मत वेगळे होते. पण ते बदलण्याची संधी हाती असताना त्याने मूळ मिश्रण तसेच राहू दिले, हेही विसरता येत नाही.

मग पुनर्प्रकाशनाचा फायदा कोणाला?

कंपन्या आणि वारसांना पैसे मिळतात, हे उघड आहे. २०२४ मध्ये ‘लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड’चीही अशीच नवी आवृत्ती आली. पण हॅरिसनच्या बाबतीत श्रोत्यांच्या हाती बरेच काही लागले. कंपनीने नाकारलेले ‘समव्हेअर इन इंग्लंड’चे मूळ मुखपृष्ठ २००४च्या संचात परत आले. मुंबईतील वादकांचे काम दुर्मीळ एलपीमधून बाहेर पडून सहज ऐकण्याजोगे झाले. सर्वांत मोलाची ठरली ती मे १९७०ची दोन दिवसांची कच्ची मुद्रणे. त्यांत भिंत नाही, फौज नाही. आई आजारी असलेला, नुकताच बँड तुटलेला एक तरुण गिटार घेऊन एकामागून एक गाणी म्हणतो आहे, एवढेच आहे. हॅरिसनला साधा आवाज हवा होता असे मानले, तर तो ५० वर्षांनी केलेल्या रीमिक्सपेक्षा या फितींवर जास्त खरा सापडतो.

धोका आहे तो वेगळाच. पूर्वी जुनी एलपी कपाटात असायची, नवी सीडी आली तरी जुनी कोणी काढून नेत नसे. आता बहुतेक जण मोबाइलवरील अ‍ॅपमधून गाणी ऐकतात. तिथे शोधात सर्वांत वर कोणती आवृत्ती दिसते, यावर पुढची पिढी कोणते गाणे ‘मूळ’ समजणार हे ठरते. म्हणून हॅरिसनचा हा अल्बम पहिल्यांदा ऐकणाऱ्याने आवृत्तीचे वर्ष पाहून घ्यावे. १९७०चे मिश्रण, २०२१चे रीमिक्स आणि कच्ची मुद्रणे, तिन्ही ऐकावीत. वारसांनी नवे मिश्रण जरूर काढावे. जुने शोधात तितक्याच सहज सापडत राहील याचीही जबाबदारी त्यांच्यावरच आहे.